शत्रू उगवतात ती जागा

पहिल्या दिवशी आबा तेवीस वेळा मेले.

मी महाडहून संध्याकाळच्या गाडीने घरी आले तेव्हा आबा, माझे वडील, गोठ्याच्या पायरीवर बसले होते. पोलादपूरजवळच्या कापडे गावातल्या आमच्या घराला मोबाईलची रेंज फक्त तिथेच मिळते. माझा फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसा. फोनवरच्या खेळात ते सकाळपासून मरत होते, उठत होते, पुन्हा मरत होते. मला बघून म्हणाले, "तेवीस झाले. तो नाय आला."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ, ऋत्विक. त्याला घर सोडून सोळा दिवस झाले होते.

आधी काय घडलं ते सांगते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ऋत्विक आईला मोटरसायकलवर घेऊन पोलादपूरला निघाला होता. आईला डोळे तपासून घ्यायचे होते. वाटेत एका वळणावर डोंगराची माती वाहून रस्त्यावर आली होती. गाडी घसरली. ऋत्विक चिखलात पडला, आई कठड्याच्या दगडावर. एका टेम्पोवाल्याने दोघांना महाडच्या दवाखान्यात नेलं. तिथे पोचेपर्यंत आई ऋत्विकच्या मांडीवरच गेली होती. त्याच्या स्वतःच्या कोपराला तेवढं खरचटलं होतं. त्या दिवसापासून त्याचं बोलणं जवळजवळ बंद झालं. बावीस वर्षांचा मुलगा, पण विचारलं त्याचं उत्तर मानेनेच द्यायचा.

दहाव्याचं आटपून माणसं नदीवरून घरी आली. आबा ओटीवर बसले होते. ऋत्विक त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. आबांची नजर त्याच्या कोपरावर गेली. तिथे खपली धरली होती. ते म्हणाले, "ती गेली आणि तुला एवढंच लागलं. तू कसा रायलास रे?"

आवाज चढवला नव्हता. चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर बोलले. ऋत्विकने तांब्या खाली ठेवला आणि तो मागच्या दाराने बाहेर गेला. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. फोन नेला होता, पण त्यातलं सिम कार्ड काढून आईच्या फोटोजवळ ठेवलं होतं.

आम्ही शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. पोलादपूरला पोलिसांत नोंद केली. मुलगा सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेलाय, येईल, असं तिथे सांगितलं. महाडला चवदार तळ्याजवळ त्याचा कॉलेजातला मित्र बुद्धरत्न राहतो. त्याने आपल्या मोटरसायकलवरून मला एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या गेटांवर फिरवलं, फोटो दाखवला. विरारचे नातेवाईक, पुण्याचे नातेवाईक, सगळीकडे फोन झाले. आबा रोज पोलादपूरच्या स्टँडवर जाऊन बसायचे. सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खिडक्या बघायचे. त्यांना झोप नव्हती. जेवताना घास हातात घेऊन तसेच बसून राहायचे.

मी महाडला एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे. आईच्या वेळी आणि नंतर या शोधात माझ्या सगळ्या रजा संपल्या. कामावर परत रुजू झाले त्या दिवशी, डबा खायच्या सुट्टीत, का कोण जाणे, मी तो खेळ उघडला.

टाळेबंदीत शिकलो होतो आम्ही तो. सगळं जग ठोकळ्यांचं. झाडं तोडायची, खाणी खणायच्या, घर बांधायचं, आणि सूर्य मावळला की शत्रूंपासून जीव वाचवायचा. तिथली रात्र आपल्या दहा मिनिटांची, दिवस वीस मिनिटांचा. ऋत्विकने आणि मी मिळून एक जग चालू केलं होतं. त्यात यायची परवानगी आम्हा दोघांनाच होती. एका मोठ्या माळावर आमचं घर होतं, दोन खोल्यांचं, वर सपाट गच्ची. नोकरी लागल्यावर माझं जाणं कमी झालं. वर्षभर तिकडे फिरकले नव्हते.

घराच्या दारापासून ओढ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मशाली जळत होत्या.

मी डबा तसाच ठेवला. त्या खेळात मशाली दोन रात्रींत विझतात. आणि जगात कोणी असलं तरच तिथला वेळ पुढे सरकतो, नाहीतर सगळं थांबलेलं असतं. जळणारी मशाल याचा अर्थ एकच होता. मी नव्हते, म्हणजे तो येऊन गेला होता, आणि येऊन फार वेळ झाला नव्हता. कुठल्यातरी वायफायवरून तो तिथे येत होता.

घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांना अर्धं कळलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे जिता हाय?"

"जिवंत आहे," मी म्हणाले.

ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

खेळात पाटी लावता येते. मी दारासमोर पाटी लावली: ऋत्विक, कुठे आहेस, मला कळव. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाटीच्या जागी खड्डा होता. शत्रूंमध्ये एक जात अंगावर येऊन फुटणारी असते. ती फुटली की आसपासचं सगळं उडतं. पाटी त्याने वाचली, मग उडाली, की वाचायच्या आधीच उडाली? आणखी दोन पाट्या लावल्या. दोन्हींचे खड्डे झाले. मशाली मात्र नव्या लागलेल्या असायच्या. तो दिवसाच येत होता, मी कार्यालयात असताना. खिडकीपुढे विद्यार्थ्यांची रांग असताना मी फोन घेऊन बसू शकत नव्हते.

तेव्हा आबा म्हणाले, "मी बसतो. तू मला दाव."

माझा फोन त्यांच्याकडे ठेवायचा आणि त्यांचा बटणांचा फोन मी न्यायचा, असं ठरलं. शिकवायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांच्या बोटांना नांगराचे आणि कोयत्याचे घट्टे. पडद्याला त्यांचं बोटच कळेना. शेवटी करंगळीची बाजू टेकवून ते चालायला शिकले. चालायचं, वळायचं, खणायचं, ठोकळा ठेवायचा, खाली वाकायचं. मजकूर टाईप करणं त्यांना जमलं नाही. माझ्याच नावाने ते त्या जगात उभे राहायचे. डोक्यावर नाव दिसायचं, अनू.

आणि ते मरत होते. घराच्या आत लपून बसायला मी सांगितलं होतं, पण ते ऐकेनात. आत बसलो तर तो लांबूनच जाईल, मी दिसलो पायजे, म्हणायचे. म्हणून माळावर उभे राहायचे. रात्र पडायची आणि चहूकडून शत्रू यायचे. त्यांना पळता येत नव्हतं, तलवार मारता येत नव्हती. मरायचे, घरातल्या खाटेवर उठायचे, पुन्हा बाहेर येऊन उभे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. "ती माणसं येतात कुठून गो? मी बघतो तर वाटेनं येत नाय."

मी समजावलं. ते येत नाहीत, उगवतात. त्यांना अंधार लागतो. पायाखाली सपाट, घट्ट, कोरडी जमीन लागते, आणि वर उभं राहण्यापुरती मोकळी जागा. मग त्या जागेवर ते आपोआप उभे राहतात. पाण्यात उगवत नाहीत. उतरत्या ठोकळ्यावर, म्हणजे अर्धा भाग तिरका कापलेला असतो त्यावर, उगवत नाहीत. आणि माणूस जिथे असेल त्याच्याच आसपास उगवतात. रिकाम्या मुलखात एकही नसतो.

"म्हंजे हा माळच वाईट," आबा म्हणाले.

आम्ही माळ निवडला होता तो बांधायला सोपा म्हणून. आबांनी डोकं हलवलं. आमच्याकडे डोंगर फोडून हातभर सपाट जागा काढायला पिढी जाते. सपाट जमिनीवर वैरी उगवतो हे त्यांना पटायला वेळ लागला.

आधी ते घरामागच्या उतारावर उभे राहिले. दोन रात्री निभावल्या. तिसऱ्या रात्री डोंगराच्या पोटातल्या गुहेतून वर आले ते. वरचा उतार चांगला होता, पण खाली पोकळी होती आणि तिच्यात अंधार होता. त्या दिवशी अकरा वेळा मेले. संध्याकाळी मला म्हणाले, "मी पाणी भरतो."

मला वाटलं गुरांना पाणी. ते खेळातल्या माळाबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माळ खणायला घेतला. एक ठोकळा खोल, चारी बाजूंनी बांध, ओढ्याचं पाणी पाटाने आणून त्यात सोडायचं. एक खाचर भरलं की कोपऱ्यात पाणी जायला मोरी ठेवून त्याचं पाणी खालच्या खाचरात. करंगळीच्या कडेने, एकेक ठोकळा. दिवसभरात दीड-दोन खाचरं व्हायची. मधे रात्र पडली की आधी भरलेल्या पाण्यात मधोमध जाऊन उभे राहायचे. शत्रू उगवले तरी लांब उगवायचे, आणि आबांपर्यंत पोचेपर्यंत उजाडायचं. मरणं कमी झालं. नऊ, मग पाच, मग दोन. ऋत्विक मात्र अजून आला नव्हता, अनू आत दिसली की तो टाळत असावा; मशालीही विझून गेल्या होत्या.

घराबाहेर खरं शेत तसंच पडलं होतं. आईचं झालं, मग शोधाशोध झाली, लावणी राहून गेली. तरव्यात लावणीसाठी वाढवलेली रोपं गुडघ्याच्या वर गेली आणि पिवळी पडायला लागली. एका सकाळी माझे चुलते हैबतीकाका आले. मी गाडीसाठी निघत होते. आबा पायरीवर फोन घेऊन बसलेले त्यांनी पाहिले आणि त्यांचा संयम सुटला. लावणीचे दिवस संपत आले, सगळं गाव चिखलात उभं आहे, आणि तू पोरांसारखा फोनवर खेळतोस, असं ते बोलले. लोक काय काय बोलतात तेही सांगितलं. बायको गेल्याने कुशाबाचं, म्हणजे आबांचं, डोकं फिरलं, असं.

आबांनी वर पाहिलं नाही. तेव्हा त्यांच्या पडद्यावर रात्र पडत होती आणि त्यांना पाण्यात पोचायचं होतं. हैबतीकाका निघून गेले. मग त्यांनी आपली दोन माणसं आणली आणि आमची खालची चार खाचरं लावून दिली. वरची तशीच राहिली, त्यांत गवत माजलं.

मी काकांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्यांना विश्वास बसला की नाही, कळलं नाही. पण पुन्हा ते आबांना काही बोलले नाहीत.

खेळातल्या बांधांवर अजून शत्रू उगवत होते, कारण बांध सपाट आणि कोरडे होते. मी आबांना उतरते ठोकळे करायला शिकवलं. त्यांनी सगळे बांध दोन्ही बाजूंनी उतरते केले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, त्या माळावर नजर जाईल तिथपर्यंत पाणी होतं. गुहेचं तोंडही त्यांनी शोधून त्यात पाणी सोडलं होतं. त्या दिवशी ते एकदाही मेले नाहीत. मला सांगताना त्यांचा चेहरा, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, जरा मोकळा वाटला. म्हणाले, आता तो आला की त्याला काय होणार नाय, नीट उभा राहील.

एक गोष्ट मात्र त्यांनी सहज सांगितली आणि मी ती सहज ऐकली. घराच्या गच्चीवर रात्री पाच-सहा माणसं दिसतात, म्हणाले. पाण्यात उतरत नाहीत, वरच उभी असतात, सकाळी उन्हात जळून जातात. मी हो म्हणाले. दिवसभराच्या कामाने मला पेंग येत होती.

या खेळाचा आणखी एक नियम आहे, आणि तो मला माहीत होता. एका वेळी किती शत्रू उगवायचे याचा आकडा ठरलेला असतो. जागा कमी केली म्हणून ते कमी होत नाहीत. उरलेल्या जागेवर दाटीने उगवतात. आबांनी सगळ्या माळावर पाणी भरलं आणि अंधारात, सपाट, कोरडी अशी एकच जागा उरली. आमच्या घराची गच्ची. सगळे तिथे उगवायला लागले.

आठ ऑगस्टला, दुपारी तीनच्या सुमारास, ऋत्विक आला.

हे मला आबांनी नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. खेळात नुकती रात्र झाली होती. ते पाण्यात उभे होते. घराचं दार उघडलं आणि आत कोणीतरी दिसलं. डोक्यावर इंग्रजीत नाव. आबांची शाळा सातवीपर्यंत झाली आहे, पण ते नाव मी त्यांना पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं. तो दारातच उभा राहून पाण्याकडे बघत होता. मग त्याने एक पाऊल बाहेर टाकलं. गच्चीवर जेवढे होते तेवढे सगळे एकदम त्याच्या अंगावर पडले.

आबांना धावता येत नव्हतं. ते बांधाला अडखळले. हाताला येईल ते बटण दाबत राहिले आणि त्यांच्या हातातली कुदळ पाण्यावर आपटत राहिली. मग ऋत्विकचं नाव नाहीसं झालं. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली. स्वतः मेले की आबांना जी ओळ दिसायची तीच. फक्त नाव वेगळं होतं.

मी घरी आले तेव्हा फोन पायरीवर उपडा पडला होता. आबा गोठ्यात, गव्हाणीला टेकून खाली बसले होते. मला म्हणाले, "मीच मारलं गो त्याला. हितं पण मीच."

मी सांगून पाहिलं की खेळात कोणी खरं मरत नाही, तुम्ही स्वतः शेकडो वेळा उठलात. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ऋत्विक परत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी खोटं दुखणं सांगून घरी राहिले, कारण आबांना एकटं ठेवायची मला भीती वाटायला लागली होती. गोठ्यातलं दावं त्यांनी उगीचच सोडून गुंडाळून हाताशी ठेवलं होतं. मी ते उचलून घरात आणलं. 

दुपारी त्यांना जबरदस्तीने पेज पाजली. वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "त्या दिवशी मी त्याला बोललो ते तोंडातून निसटलं असं सगळी म्हणतात. निसटलं नाय. तवा मला तसंच वाटत होतं."

"आणि आता?"

"आता नाय वाटत. पण तवा वाटलं होतं, त्याचं काय करू?"

 मी त्यांना गच्चीचा नियम सांगितला. तो मला माहीत होता आणि मी सांगितला नव्हता, हेही सांगितलं.  ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग वर कौलं घालू."

आम्ही दोघांनी मिळून ती गच्ची फोडली. मी फोन धरला, ते सांगत गेले. दोन्ही बाजूंना उतार, मधे आढं, पुढे पाऊस येऊ नये म्हणून पडवीवर वळचण बाहेर काढलेली. सगळं उतरत्या ठोकळ्यांचं. एकही सपाट जागा ठेवली नाही. खेळातल्या तीन रात्री मी तिथे उभी राहिले. माळावर, घरावर, कुठेच कोणी उगवलं नाही. शत्रू कुठेतरी उगवत असतीलच, पण ते आता पाण्यापलीकडे, डोंगराच्या मागे.

पाटी लावू का, आबांच्या मनातलं लिहू का, असं मी विचारलं. त्यांनी नको म्हटलं. पाटीवर लिवायची गोष्ट नाय ती, म्हणाले.

मग पुन्हा वाट बघणं. चार दिवस गेले, पाच गेले. मी कामावर जात होते आणि दर तासाला शेजारच्या सुंदराबाईंच्या फोनवर फोन लावून आबा पायरीवर आहेत ना, ते विचारत होते. सुंदराबाईंनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. गोठ्यात डोकावून सांगायच्या, "हायत, बसलेत."

सहाव्या दिवशी मी घरी आले तर आबा दारात उभे होते. हातात भिंतीवरचं कॅलेंडर होतं. काढूनच आणलं होतं.

तो चारच्या आधी आला होता. दारातून बाहेर आला, वर छपराकडे बघितलं, मग बांधाबांधाने चालत आबांसमोर येऊन थांबला. पडद्यावर त्याने लिहिलेली अक्षरं आली. आबांनी ती लावून लावून वाचली. लिहिलं होतं, आबा?

आबांना उत्तर लिहिता येत नव्हतं. मला फोन लावायला खेळातून बाहेर पडावं लागलं असतं, आणि बाहेर पडलो तर तो जाईल ही भीती. म्हणून त्यांनी वाकायचं बटण दाबलं. त्यांचं माणूस खाली वाकलं, पुन्हा उभं राहिलं. हो.

मग काय करावं ते दोघांनाही सुचलं नाही. खेळात आबांजवळ भाताचं बी होतं. त्यांनी एका खाचरात लावायला सुरुवात केली, मागे मागे सरकत. थोड्या वेळाने ऋत्विकने शेजारची ओळ धरली. खेळातला एक आख्खा दिवस दोघे लावत होते. रात्र झाली तरी लावत राहिले. खाचर भरलं तेव्हा त्याने पुन्हा लिहिलं. ते आबांनी पेन घेऊन कॅलेंडरच्या कडेला, वेड्यावाकड्या अक्षरांत उतरवून घेतलं होतं. हिरकणीवाडी. बरा आहे. येऊ नका.

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी. महाडहून एसटीने तासाभराची वाट. आम्ही विरार, पुणे पालथं घातलं होतं.

मी आबांना म्हणाले की तो येऊ नका म्हणतोय, थोडे दिवस जाऊ देऊ. आबांनी कॅलेंडर माझ्यापुढे धरलं. "येऊ नका लिवलंय खरं. पण गावाचं नाव आधी लिवलंय."

रविवारी आम्ही गेलो. रोपवेच्या जवळ रंगूबाईंची खाणावळ आहे, पिठलं-भाकरीची. पावसामुळे पर्यटक थोडे होते. ऋत्विक मागच्या बाजूला मोरीवर ताटं घासत होता. दाढी वाढली होती, गालफडं बसली होती. आम्हाला पाहून त्याने हातातलं ताट घासायचं थांबवलं नाही. घासून झालं, विसळून झालं, मग ठेवलं.

रंगूबाई समजूतदार. त्यांनी आम्हाला एक बाकडं दिलं आणि स्वतः पुढे निघून गेल्या. मुलगा शेजारच्या लॉजच्या वायफायवर दुपारी फोन बघत बसतो, बाकी कुणाशी बोलत नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आबा बाकड्यावर बसले नाहीत. त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मी बोललो ते मला तवा खरंच वाटलं होतं रे. खोटं नाय सांगत. आता नाय वाटत. तू रायलास ते बरं झालं."

ऋत्विक खाली बघत होता. "खाचरं बघून वळखलं मी," तो म्हणाला. "अनूला बांध घालता येत नाय."

 नळ ठिबकत होता. आबांनीच विचारलं, "त्या दिवशी काय झालं ते मला सांग. मी तुला इचारलंच नाय कधी."

कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. अपघात झाला, माती होती, गाडी घसरली, एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि तेवढ्यावर आम्ही थांबलो होतो.

त्याने सांगितलं. आई मागे बसून बोलत होती. डॉक्टरने चष्मा दिला तरी मी लावायची नाय, लावला तर गावात मला सगळी मास्तरीण म्हणतील, आणि मग मी पण छडी घेऊन फिरेन, पयली तुझ्या बापाला शिकवेन. असं काय काय. ऋत्विकला हसू आवरत नव्हतं. वळण आलं तेव्हाही तो हसतच होता.

"मी हसत होतो, आबा," तो म्हणाला. "माती दिसली तवा पण हसत होतो."

आबांनी बाकड्याचा आधार घेतला आणि ते खाली बसले. विचारलं, "ती पण हसत होती?"

"व्हय."

"बरं," आबा म्हणाले. आणि मग ते रडले. आईच्या चितेपाशीही रडले नव्हते. ऋत्विक ओल्या हातांनी त्यांच्याजवळ जाऊन बसला.

तो त्या दिवशी आमच्याबरोबर आला नाही. पोलादपूरहून कापड्याला, अपघात झाला त्या रस्त्याने येणं त्याला जमत नाही. मोटरसायकलचा आवाज जवळून गेला तरी तो हातातलं टाकून आत जातो, हे मी तिथेच पाहिलं. महाडच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण आहे, मनाच्या आजारांची. तिच्याकडे तो आता पंधरा दिवसांनी जातो. बुद्धरत्न त्याला घेऊन जातो, एसटीने.

सप्टेंबरपासून रविवारी तो पोलादपूरपर्यंत येतो. आबा सकाळच्या गाडीने जाऊन स्टँडवर बसलेले असतात. दोघे एका बाकावर बसतात, भजी खातात, रंगूबाईंच्या खाणावळीतल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी निघतात. कापड्याची गाडी लागते. कंडक्टर ओळखीचा आहे, तो दोनदा बेल देऊन बघतो. ऋत्विक उठत नाही. आबा त्याला उठ म्हणत नाहीत, आणि स्वतःही उठत नाहीत. गाडी सुटते. पाच वाजता महाडची गाडी आली की आबा त्याला तिच्यात बसवून देतात, ती पुलापलीकडे जाईपर्यंत उभे राहतात, आणि मग पुढची मिळेल ती गाडी धरून एकटे घरी येतात.